अर्ल स्क्रग्ज यांना ‘साथीदार’ म्हणणे अन्यायाचे आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईतील बेंजो पथकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत रात्र-रात्र वाजवणाऱ्या लालबाग-परळच्या मुलांविषयी इतक्या आस्थेने क्वचितच लिहिले जाते. तरुणपणी मीही आठ-दहा वर्षे अशाच एका पथकात बेंजो वाजवला असल्यामुळे लेखकाचे मनापासून आभार मानणे मला माझे कर्तव्य वाटते. तथापि त्या लेखातील दोन गोष्टींची दुरुस्ती व्हायला हवी, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. पण ज्या माणसाविषयी, म्हणजे अमेरिकी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्याविषयी, ते आहे त्यांची ओळख दोन ओळींत करून देणे मला जमले नाही.

पहिली गोष्ट छायाचित्राची. लेख आपल्या बेंजोवर आहे आणि सोबत छायाचित्र आहे ते अमेरिकी बँजोचे. नावे सारखी असली तरी या दोन वाद्यांचे एकमेकांशी नाते नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, अर्थात तारांवर टंकयंत्रासारख्या पट्ट्या बसवलेली लाकडी पेटी. त्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून तो आपल्याकडे आला आणि रुजला. अमेरिकी बँजोला डफासारखे गोल, कातड्याने मढवलेले अंग असते, लांब दांडी असते आणि पाच तारा असतात. त्यांतली पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते आणि ती अंगठ्याने छेडली जाते. सतारीच्या चिकारीची तार ज्यांनी ऐकली आहे त्यांना या पाचव्या तारेचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या वाद्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या माणसांनी भोपळ्याच्या तुंब्यावर कातडे ताणून अमेरिकेच्या मळ्यांवर ते पुन्हा घडवले. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळे फासून रंगमंचावर त्याच माणसांची टिंगल करू लागले आणि त्या खेळांतून बँजो गोऱ्या समाजातही पोहोचला. लेखात त्याला ‘गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे वाद्य’ एवढेच म्हटले आहे. ते चूक नाही, पण फार अपुरे आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. अमेरिकेत बिल मन्रो यांनी ब्लूग्रास संगीत (बँजो, मँडोलिन, गिटार, फिडल म्हणजे व्हायोलिन अशा तंतुवाद्यांवरचे वेगवान ग्रामीण संगीत) निर्माण केले आणि त्यांचे साथीदार अर्ल स्क्रग्ज यांनी त्यात बँजो वाजवला, अशा आशयाचे एक वाक्य त्या लेखात आहे. स्क्रग्ज हे मन्रो यांच्या वाद्यवृंदात दोन वर्षांहून थोडा अधिक काळ होते, त्या अर्थाने साथीदार हा शब्द कोशात बसतो. परंतु ज्या माणसाच्या उजव्या हाताने त्या संगीताला त्याचा ओळखू येणारा चेहरा दिला, त्याची बोळवण या शब्दाने करणे मला मान्य नाही.

अर्ल स्क्रग्ज यांचा जन्म ६ जानेवारी १९२४ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील क्लीव्हलँड काउंटीमधल्या फ्लिंट हिल या वस्तीत झाला. वडील जॉर्ज एलम स्क्रग्ज शेती करीत आणि बँजो वाजवीत. अर्ल चार वर्षांचे असतानाच ते वारले. आई ऑर्गन वाजवी. थोरले भाऊ ज्युनी आणि हॉरेस, आणि बहिणीसुद्धा, सारेच काही ना काही वाजवणारे होते. ताल पक्का करण्यासाठी अर्ल आणि हॉरेस यांनी शोधलेली एक युक्ती त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. घराच्या एका बाजूला दोघे पाठीला पाठ लावून उभे राहात, एकच गाणे एकाच वेळी सुरू करीत आणि वाजवत-वाजवत घराला विरुद्ध दिशांनी वळसा घालीत. पलीकडच्या बाजूला भेट झाली की दोघे अजून एकाच मात्रेवर आहेत की नाहीत हे कळे. तबल्यासोबत रियाज केलेल्या कुठल्याही माणसाला या खेळाची किंमत पटेल. स्क्रग्ज यांचे वादन कितीही वेगवान झाले तरी त्यांची लय कधी पळत नाही आणि कधी मागेही रेंगाळत नाही. तिचा पाया त्या अंगणात घातला गेला असे मला नेहमी वाटते.

दहा वर्षांचे असताना भावाशी भांडण झाल्यावर ते खोलीत एकटेच बँजो घेऊन बसले होते. ‘रूबन’ नावाची एक जुनी धून वाजवताना अचानक त्यांच्या लक्षात आले की आपण अंगठा आणि एक बोट एवढ्यावर न थांबता अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तिन्ही बोटे चालवीत आहोत. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मात्र तीन बोटांचे वादन त्या दिवशी जन्माला आले असा दावा त्यांनी केला नाही, आणि आपणही करू नये. त्या परिसरात स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स, रेक्स ब्रुक्स असे वादक तीन बोटांनी वाजवीत होते आणि स्क्रग्ज यांनी त्यांची नावे पुढे आवर्जून घेतली. १९५७ मध्ये माइक सीगर यांनी या शैलीच्या वादकांची ध्वनिमुद्रणे गोळा करून फोकवेज कंपनीतर्फे जी तबकडी काढली तिच्यात जेन्किन्स आहेत आणि अर्ल यांचे थोरले भाऊ ज्युनीसुद्धा आहेत. ती ऐकली म्हणजे परंपरा किती होती आणि तिच्यात या एका माणसाने काय घातले, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.

त्यांनी काय घातले ते थोडे उलगडून सांगतो, कारण सारा मुद्दा इथेच आहे. अंगठ्यात एक आणि दोन बोटांत दोन, अशा तीन नख्या घालून ते वाजवीत. तीन बोटे एकाच क्रमाने फिरत राहिली की सुरांचे तीन-तीनचे गट पडतात. या फिरण्याला ते वादक ‘रोल’ म्हणतात. पण गाणे तर चाराच्या पटीत चाललेले असते. तेव्हा आठ सुरांच्या जागेत तीन, तीन आणि दोन अशी वाटणी होते. आपल्या केरव्याच्या आठ मात्रा चार-चार अशा विसावतात. इथे मात्र वजन सतत अनपेक्षित जागी पडत राहते आणि तरीही आठव्या मात्रेला हिशेब बरोबर जुळतो. जेन्किन्स यांच्या हातात ही बोटे धुनेला सजवतात. स्क्रग्ज यांनी केले ते असे की, न थांबणाऱ्या या झऱ्यातला नेमका हवा तो सूर थोडा अधिक ठसवून त्यांनी गाण्याची चाल त्यातूनच बोलती केली, त्यामुळे ऐकणाऱ्याला शब्दसुद्धा ऐकू आल्यासारखे वाटते. गायक गात असताना तोच हात मागे सरून नुसती लय धरतो, आणि गाणे थांबले की पुढे येतो. कधी पुढे यायचे आणि कधी मागे सरायचे याची ही समज मला त्यांच्या वेगापेक्षाही मोठी वाटते.

या वादकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेल्बी येथील लिली मिल या शिवणदोरा तयार करणाऱ्या गिरणीत तासाला ४० सेंट मजुरीवर काम केले. पंधराव्या वर्षी मॉरिस बंधूंच्या वाद्यवृंदातून त्यांचे वादन रेडिओवर वाजले होते, म्हणजे वाट दिसू लागली होती. पण विधवा आई आणि घर मागे होते, म्हणून ते गिरणीत गेले. माझे वडील परळच्या एका गिरणीत त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. पाळी सुटल्यावर कानात साच्यांचा आवाज घेऊन घरी येणारा आणि तरीही रात्री भजनाला टाळ हातात घेणारा माणूस मी जवळून पाहिला आहे, आणि स्क्रग्ज यांच्या आयुष्यातली ही गिरणीची वर्षे वाचताना मला वडील आठवल्याशिवाय राहात नाहीत. गिरणगावात वाढलेल्या आपल्या वाचकांना या माणसाची ओळख अन्य कोणत्याही तपशिलापेक्षा या एका तपशिलाने लवकर पटेल असे मला वाटते.

१९४५ मध्ये गिरणी सोडून ते नॉक्सव्हिलला जॉन मिलर यांच्या वाद्यवृंदात गेले आणि मिलर यांनी दौरे बंद केल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिल मन्रो यांच्याकडे आले. मन्रो हे मूळचे केंटकीचे. त्या राज्याला तिथल्या निळसर गवतावरून जे टोपणनाव आहे तेच त्यांनी आपल्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदाला दिले होते, आणि १९३९ पासून ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात गात होते. मँडोलिनवरचा त्यांचा हात, त्यांचा उंच पट्टीतला टोकदार आवाज, साथीदारांकडून घेतलेली कडक शिस्त आणि गाण्यांना त्यांनी दिलेला वेग यांपैकी कशाचेही श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेऊ इच्छित नाही. परंतु त्यांच्या वाद्यवृंदात तोवर अकॉर्डियनही होता, आणि बँजो होता तो ‘स्ट्रिंगबीन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या डेव्हिड एकमन यांचा, जुन्या पद्धतीचा आणि विनोदी सोंगाला जोडलेला. त्या काळी बँजोवादकाने ढगळ कपडे घालून लोकांना हसवायचे, ही रीतच होती. गिटारवादक आणि गायक लेस्टर फ्लॅट आधीच मन्रो यांच्याकडे होते आणि बँजोमुळे गाण्याचा वेग अडतो म्हणून त्यांना तो वाद्यवृंदात नकोच होता. स्क्रग्ज यांचे वादन ऐकल्यावर त्याच फ्लॅट यांनी या मुलाला काहीही करून ठेवून घ्या असा आग्रह धरला. ऑप्री जिथून प्रसारित होई त्या रायमन सभागृहाच्या मंचावर हा एकवीस वर्षांचा गंभीर चेहऱ्याचा तरुण उभा राहिला, त्याने कोणतेही सोंग केले नाही, आणि त्या बँजोला श्रोत्यांनी जी दाद दिली तशी त्या वाद्याला तिथे पूर्वी मिळाली नव्हती.

सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोत या वाद्यवृंदाने जी गाणी ध्वनिमुद्रित केली, ज्यांत ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे मन्रो यांचे प्रसिद्ध गाणे आहे, ती आणि त्याआधीची मन्रो यांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत, अशी आपल्या लेखकाला माझी विनंती आहे. मँडोलिन मन्रो यांचे, गिटार फ्लॅट यांची, फिडल चबी वाइज यांचे, बास हॉवर्ड वॉट्स यांचा आणि बँजो स्क्रग्ज यांचा, अशा त्या पाच जणांच्या मांडणीलाच पुढे ब्लूग्रास हे नाव मिळाले. शैलीचे नाव म्हणून तो शब्द रूढ झाला १९५० च्या दशकात, म्हणजे स्क्रग्ज मन्रो यांच्याकडून बाहेर पडल्यानंतर. मन्रो यांच्याकडे स्वतःची दृष्टी होती; पण जो नाद ऐकून डोंगराळ भागातले तरुण वादक आपापले बँजो काढून तीन नख्या घालून बसले, तो स्क्रग्ज यांचा होता. पितृत्वाचा मान एकट्या मन्रो यांना देण्याची प्रथा अमेरिकेतही आहे, त्यामुळे आपल्या लेखकाला मी दोष देत नाही. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेने १९९१ मध्ये आपली सन्मानयादी सुरू केली तेव्हा मात्र पहिल्याच वर्षी मन्रो, फ्लॅट आणि स्क्रग्ज या तिघांची नावे एकत्र घातली, आणि मला तोच न्याय योग्य वाटतो.

१९४८ च्या आरंभी सततच्या प्रवासाला कंटाळून आणि आईची देखभाल करण्यासाठी स्क्रग्ज यांनी मन्रो यांचा निरोप घेतला. पाठोपाठ फ्लॅटही निघाले आणि दोघांनी मिळून ‘फॉगी माउंटन बॉइज’ हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. मन्रो यांना हे इतके लागले की पुढे अनेक वर्षे त्यांनी या दोघांशी बोलणे टाकले. ११ डिसेंबर १९४९ रोजी सिनसिनाटी शहरात नव्या वाद्यवृंदाने ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही स्क्रग्ज यांची वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली. तीन मिनिटेही न भरणारे हे ध्वनिमुद्रण आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत जतन केलेले आहे. त्यात एक गंमत कानाला जाणवते: एका ठिकाणी बँजो कोमल छायेचा मेळ वाजवतो आणि त्याच क्षणी फ्लॅट यांची गिटार शुद्ध. शास्त्राप्रमाणे ती चूक ठरावी, पण शेकडो वेळा ऐकूनही मला ती काढून टाकावीशी वाटलेली नाही.

पुढची काही वर्षे मी भराभर सांगतो. १९५३ पासून ‘मार्था व्हाइट’ या पिठाच्या कंपनीने त्यांचा पहाटेचा रेडिओ कार्यक्रम प्रायोजित केला. त्या कंपनीच्या पाठबळामुळेच १९५५ मध्ये त्यांना ऑप्रीत प्रवेश मिळाला. दर आठवड्याला वेगवेगळ्या शहरांत जाऊन दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रम करणे सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आजारी आईला भेटायला मोटारीने जात असताना भीषण अपघात झाला. त्यात स्क्रग्ज यांच्या कमरेच्या दोन्ही सांध्यांना झालेली इजा त्यांना जन्मभर पुरली. महिनोन्महिने अंथरुणात काढून ते पुन्हा मंचावर उभे राहिले.

इथे मला थांबून एका स्त्रीचे नाव घ्यायचे आहे, कारण स्क्रग्ज यांच्यावरच्या लेखांत ते हमखास राहून जाते. लुईझ सर्टन यांची आणि अर्ल यांची ओळख १९४६ मध्ये रायमन सभागृहाच्या पडद्यामागे झाली आणि १९४८ मध्ये दोघांनी लग्न केले. हिशेबाचे काम येत असलेल्या लुईझ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून या वाद्यवृंदाचे सारे व्यवहार हाती घेतले. करार, तारखा, मानधन आणि तबकड्यांच्या वेष्टनावरचा मजकूरही त्याच पाहू लागल्या. नॅशव्हिलच्या त्या धंद्यात व्यवस्थापक म्हणून उभी राहिलेली स्त्री तोवर जवळजवळ दिसतच नव्हती. गावोगावच्या शाळांच्या सभागृहांतून आणि जत्रांतून वाजणारे हे संगीत शहरातल्या महाविद्यालयीन श्रोत्यांनाही आवडेल हे त्यांनी ओळखले. १९५९ मध्ये न्यूपोर्टचा पहिला लोकसंगीत महोत्सव भरला तेव्हा स्क्रग्ज तिथे वाजवून आले, आणि ८ डिसेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. ‘बेव्हरली हिलबिलीज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीताचा प्रस्ताव आला तेव्हा लुईझ यांनी तो आधी नाकारला होता. खेड्यातल्या, डोंगरातल्या माणसांची त्यात टिंगल होईल ही भीती त्यांना होती, आणि बँजोचा आजवरचा इतिहास पाहता ती अनाठायी नव्हती. मालिकेचा पहिला भाग दाखवून निर्मात्यांनी त्यांची खात्री पटवली, मगच होकार गेला. १९६२ मध्ये मालिका सुरू झाली आणि जानेवारी १९६३ मध्ये ते गीत कंट्री म्हणजे ग्रामीण अमेरिकी संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटात ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’चे १९४९ चेच ध्वनिमुद्रण वापरले गेले आणि ज्यांनी नॅशव्हिलचे नावही ऐकले नव्हते अशा देशोदेशीच्या प्रेक्षकांच्या कानांवर हे वादन पडले. मीही त्यांतलाच एक आहे. एका मित्राच्या घरी ती तबकडी ऐकली तेव्हा, ज्या वाद्याला आम्ही बेंजो म्हणतो ते हे नव्हे, एवढेच मला प्रथम कळले. बाकीचे कळायला पुढची अनेक वर्षे लागली.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही तो भाग माझ्या मते स्क्रग्ज यांच्या आयुष्यातला सर्वांत धैर्याचा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे पैसा, नाव, हुकमी श्रोते आणि बसलेली घडी सारे होते. ध्वनिमुद्रण कंपनीच्या आग्रहाने बॉब डिलन यांची गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली. फ्लॅट यांना ती रुचेनात, त्यांना आपली जुनी गाणी जुन्याच रीतीने गायची होती, आणि त्यांच्या बाजूनेही ते प्रामाणिकच होते. स्क्रग्ज यांना मात्र आपल्या वाढत्या मुलांसोबत, त्यांच्या पिढीचे संगीत वाजवायचे होते. १९६९ मध्ये दोघे वेगळे झाले आणि पंचेचाळिशीत स्क्रग्ज यांनी गॅरी, रँडी आणि पुढे स्टीव्ह या मुलांसह ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’ हा नवा संच काढला, ज्यात विजेवरची गिटार होती, ड्रम होते आणि त्यांच्या मधोमध तोच पाच तारांचा बँजो होता. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लाखोंचा मेळावा भरला, तेव्हा स्क्रग्ज मुलांसह तिथे गेले आणि वाजवले. कंट्री संगीताचा श्रोतृवर्ग त्या वेळी बहुतांशी युद्धाच्या बाजूचा मानला जाई आणि त्या क्षेत्रातले फारच थोडे कलावंत तिथे दिसले. स्वभावाने अबोल असलेल्या या माणसाने तिथे उभे राहण्याची किंमत आपल्याला मोजावी लागेल हे ओळखूनच ते पाऊल उचलले असणार.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या लांब केसांच्या तरुणांच्या संचाला जुन्या पिढीच्या कलावंतांसोबत ध्वनिमुद्रण करायचे होते. मन्रो यांनी नकार दिला. स्क्रग्ज यांनी होकार तर दिलाच, शिवाय स्वतः शब्द टाकून मदर मेबेल कार्टर यांच्यासारख्यांना त्या कामात आणले. डॉक वॉटसन, रॉय एकफ, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन असे सारे नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत जमले आणि त्यातून ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ हा तीन तबकड्यांचा संच १९७२ मध्ये बाहेर आला. ज्यांच्यात केस, कपडे आणि राजकारण यांवरून बोलणे बंद झाले होते अशा दोन पिढ्या तिथे एका खोलीत बसून वाजवताना ऐकू येतात. त्यांना एकत्र आणण्यात या गिरणीकामगाराचा फार मोठा वाटा होता.

विद्या झाकून ठेवणे हा आपल्याकडच्या अनेक घराण्यांचा दुर्गुण आपण जाणतो. स्क्रग्ज यांनी तसे केले नाही. वाजवता-वाजवताच तार उतरवून पुन्हा चढवता यावी, म्हणजे आपल्या मींडेसारखा परिणाम साधावा, म्हणून त्यांनी आपल्या बँजोच्या माथ्याला भोके पाडून एक यंत्रणा बसवली होती. तीही पुढे सर्वांसाठी बाजारात आली. १९६८ मध्ये त्यांनी पाच तारांच्या बँजोवर संपूर्ण शिक्षणग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले स्वरलेखन बिल कीथ या तरुण वादकाने केले होते. खेड्यातल्या भावंडांना एकमेकांच्या हाताकडे पाहून जे शिकावे लागले, ते त्या ग्रंथामुळे कुठल्याही देशातल्या मुलाला कागदावरून शिकता येऊ लागले.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या बेला फ्लेक यांनी लहानपणी त्याच दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत ऐकले आणि त्यातून ते बँजोकडे वळले. त्याच फ्लेक यांनी मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन आणि बासवादक एडगर मेयर यांच्यासोबत २००९ मध्ये ‘द मेलडी ऑफ ऱ्हिदम’ हा अल्बम केला, आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनाही सोबत घेऊन २०२३ मध्ये ‘ॲज वी स्पीक’ केला. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाले तेव्हा आपल्या वृत्तपत्रानेही ती बातमी अभिमानाने पहिल्या पानावर छापली होती. त्या वादनात तबल्याशी बरोबरीने बोलणारा जो बँजो आहे, त्याच्या बोटांत फ्लिंट हिलच्या त्या दहा वर्षांच्या मुलाचे रोल आहेत. आपल्या वाचकांना स्क्रग्ज यांच्याशी जोडणारा खरा धागा हा आहे. नावाच्या साम्याचा धागा नव्हे.

अखेरच्या वर्षांत मान पुष्कळ मिळाले. १९८५ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मानदालनात फ्लॅट यांच्यासोबत नाव लागले, मात्र फ्लॅट १९७९ मध्येच गेले होते. १९९२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले. त्याच वर्षी धाकटा मुलगा स्टीव्ह गेला. २००६ मध्ये लुईझ गेल्या. २८ मार्च २०१२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, अर्ल स्क्रग्ज यांचे नॅशव्हिलमध्ये निधन झाले आणि १ एप्रिलला त्यांना निरोप देण्यासाठी लोक जमले ते रायमन सभागृहातच. शेल्बी गावातल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत २०१४ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे आहे. गिरणीत दोरा काढणाऱ्या मजुराच्या नावे त्याच गावाने असे काही उभारावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या रविवारच्या पुरवणीत या दोन गोष्टींची दुरुस्ती छापावी. स्क्रग्ज यांना मन्रो यांचे साथीदार न म्हणता ब्लूग्रासच्या घडणीतले एक कर्ते म्हणावे, आणि बेंजो पथकांच्या लेखाला बेंजोचेच छायाचित्र द्यावे. आमच्या पथकाचा जुना बेंजो माझ्या घरी कपाटावर जपून ठेवलेला आहे. त्याच्या दोन पट्ट्या निखळल्या आहेत, बाकी तो शाबूत आहे. आपल्या छायाचित्रकाराने कळवून केव्हाही यावे.

आपला नम्र,
एक जुना वाचक, लालबाग, मुंबई